एकदा शिक्षा झाली म्हणून नर्सिंगचं रजिस्ट्रेशन नाकारावं का?

आशाताई_ट्यूटर

माझं मत आधीच सांगते: नाकारू नये. निदान सरसकट तरी नाही.

मी नर्सिंग शाळेत शिकवायचे. निवृत्त झाले तरी मुलांचे फोन येतात, परवा असाच एकाचा आला. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालाय, मार्क चांगले. पण अठरा पूर्ण होतात न होतात तोच गावात बांधावरून मारामारी झाली होती. चुलते, भाऊ, हा, सगळ्यांवर केस. भारतीय दंड संहितेचं कलम ३२४ सिद्ध झालं. (दोन वर्षांत निकाल लागला हेच नवल.) वय बघून कोर्टाने तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलं. आता रजिस्ट्रेशनचे कागद, त्यामागून नोकरीची चारित्र्य पडताळणी. एका क्लार्कने कानमंत्र दिला, "शिक्षा झाली आहे का विचारलं तर 'नाही' लिही, कोण बघतंय!"

हा मुलगा मी वॉर्डात पाहिलाय. म्हाताऱ्या माणसांची शीर सापडेना की सिस्टर त्यालाच हाक मारायच्या. बेडसोअरचं ड्रेसिंग नाक न मुरडता करायचा, आणि ते करताना पेशंटशी पिकापाण्याच्या गप्पा मारायचा. बांधावरच्या भांडणाचा याच्याशी काय संबंध? ज्याने औषधं चोरली, पेशंटवर हात टाकला, खोटी सर्टिफिकेटं दिली, त्याला जरूर बाहेर ठेवा. बाकीच्यांचं काय?

निवृत्त_सर्जन

संबंध आहे, ताई. तुम्हाला वॉर्ड माझ्याइतकाच ठाऊक आहे म्हणून विचारतो, नार्कोटिकच्या कपाटाची चावी रात्री कोणाकडे असते? मॉर्फिनचा रिकामा ॲम्प्युल परत द्यायचा, रजिस्टरवर दोन सह्या, हे सगळं का? तर त्या खोलीत पेशंट गुंगीत असतो आणि बघणारं कुणी नसतं म्हणून. एवढी सत्ता दुसऱ्या कुठल्या नोकरीत विशीतल्या माणसाच्या हाती देतो आपण?

आणि कलम ३२४ म्हणजे नुसती ढकलाढकली नव्हे. हत्याराने केलेली दुखापत. पहाटे तीनला दारू पिऊन आलेला नातेवाईक अंगावर धावून येतो तेव्हा समोरच्याचा राग किती आवरतो, हा प्रश्न मला तरी गैरलागू वाटत नाही. मुलगा चांगला असेलही. पण रजिस्ट्रेशन देणारं नर्सिंग कौन्सिल तुमच्या आठवणींवर निर्णय घेणार नाही, आणि घेऊही नये.

परळीकर

आमच्या गावाचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. डॉ. सुदाम मुंडे. २०१२ मध्ये गर्भपात करताना बाईचा जीव गेला, २०१९ ला बीडच्या कोर्टाने दहा वर्षांची शिक्षा दिली. जामिनावर बाहेर आल्यावर २०२० मध्ये पुन्हा दवाखाना चालवताना सापडले. परवाना नसताना! "एक संधी द्या" म्हणणाऱ्यांनी आमच्याकडं येऊन बोलावं. लोक पण जातातच, कारण जवळ दुसरा डॉक्टर नाही.

आशाताई_ट्यूटर

@परळीकर, तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे की. तिथे गुन्हा दवाखान्यातच घडला, पेशंटवरच घडला. तिथे दार बंद हवंच. आणि बंद केलेल्या दारावर कुणी नजर ठेवली नाही, ही तक्रार वेगळी.

वकील_कोल्हापूर

दोन-तीन गोष्टींची सरमिसळ होतेय.

गुन्हा दाखल होणं, आरोप निश्चित होणं आणि दोष सिद्ध होणं या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत नैतिक अधःपतनाच्या (म्हणजे चारित्र्याला काळिमा लावणाऱ्या) गुन्ह्यात कोर्टाने दोषी ठरवलं तर ते गैरवर्तन धरलं जातं, म्हणजे तिसऱ्या पायरीवर. गर्भलिंगनिदानाचा १९९४ चा कायदा मात्र दुसऱ्याच पायरीवर रजिस्ट्रेशन निलंबित करायला सांगतो. दोष सिद्ध झाला तर पहिल्या वेळी पाच वर्षं नाव काढायचं, दुसऱ्यांदा कायमचं. म्हणजे कोणत्या गुन्ह्याला किती काळ दार बंद, हे कायद्यात लिहिता येतं. तिथे लिहिलं, बाकी ठिकाणी मोघम ठेवलं. बांधावरची मारामारी नैतिक अधःपतनात येते का? एक अधिकारी हो म्हणेल, दुसरा नाही.

मोघमपणाने काय होतं ते बघा. पवन कुमार विरुद्ध हरियाणा, १९९६. कलम २९४ (सार्वजनिक ठिकाणी अश्लील वर्तन) खाली माणसाने वीस रुपये दंड भरला आणि तेवढ्यावर नोकरी गेली. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. वीस रुपयांसाठी दिल्लीपर्यंत!

आता या मुलाचं. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याचं (तुरुंगाऐवजी समज देऊन किंवा बंधपत्रावर सोडायचा कायदा) कलम १२ म्हणतं की कलम ३ किंवा ४ खाली सोडलेल्या माणसाला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. मात्र दोषसिद्धी पुसली जात नाही, हेही कोर्टांनी पुन्हा पुन्हा सांगितलंय. त्यामुळे क्लार्कचा सल्ला आत्मघातकी आहे. अवतार सिंग प्रकरणात (२०१६) सर्वोच्च न्यायालयाने सरकारी नोकरीबाबत जे सूत्र घालून दिलं त्यात माहिती लपवणं हाच स्वतंत्र मुद्दा ठरतो. खरं सांगितलं तर नोकरी हमखास मिळेल असं नाही, पण तरुणपणीचा किरकोळ गुन्हा माफ करायला वाव राहतो. खोटं लिहिलं की तो वावही आपल्या हाताने घालवला.

रेसिडेंट_मुंबई

परवाना अडवायचाच तर आधी आरोपींचा अडवा असं म्हणणारे आमच्या हॉस्टेलवर पुष्कळ आहेत. मुंबईची रेसिडेंट डॉ. पायल तडवी, तिने २०१९ मध्ये आत्महत्या केली; जातीवरून तिचा छळ केल्याचा ज्या सीनियर डॉक्टरांवर खटला भरला त्यांना ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदव्युत्तर शिक्षण पूर्ण करायला परत जाऊ दिलं. खटला निकाली निघालेला नसताना. तेव्हा राग आला होता, अजून येतो. पण दोष सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष हे तत्त्व मानायचं तर तिथेही मानावं लागतं. मग ज्याने कोर्टाने सांगितलेलं सगळं पूर्ण केलं त्याला आपण कोर्टापेक्षा जास्त शिक्षा कशी देणार? मला दोन्ही एकदम पचत नाही.

हडपसर_मावशी

तुम्ही सगळे रजिस्ट्रेशनवर भांडताय. माझ्या सासूबाईंसाठी घरी रुग्णसेवेला माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोतून बाई आणली. ना जीएनएम, ना कौन्सिल, आधार कार्डाची झेरॉक्स तेवढी दिली. रात्रभर ती आणि सासूबाई, हातात दोन पाटल्या. ब्यूरोवाल्याला पोलीस पडताळणीचं विचारलं तर म्हणाला, "मॅडम, तशी बाई हवी असेल तर महिना थांबा." शिकून आलेल्या पोराला दारात अडवायचं, आणि खिडकीतून कोणीही येतंय.

निवृत्त_सर्जन

@हडपसर_मावशी, खिडकी उघडी आहे म्हणून दारही काढून टाकायचं का? ब्यूरोंना कायद्यात आणा, मी सही करतो.

ह्यूस्टनची_नर्स

इकडे टेक्सासमध्ये बोटांचे ठसे दिल्याशिवाय लायसन्स मिळत नाही. पण एक सोय फार चांगली आहे. नर्सिंगला ॲडमिशन घेण्याआधीच बोर्डाकडे अर्ज करता येतो की माझं असं असं प्रकरण आहे, पुढे लायसन्स देणार का? बोर्ड कागद मागवतं आणि निर्णय देतं. घर गहाण ठेवून फी भरली आणि शेवटी नकार आला, असं होत नाही. काही गंभीर गुन्ह्यांना इथेही थारा नाही. कॅलिफोर्नियात २०२० पासून नियम असा की शिक्षा सात वर्षांपेक्षा जुनी असेल आणि गंभीर प्रकारात मोडत नसेल तर बोर्डाला तेवढ्यावरून नकार देता येत नाही. सात वर्षांच्या आतली असेल तरी गुन्ह्याचा कामाशी थेट संबंध दाखवावा लागतो.

ब्रिटनमध्ये असलेल्या माझ्या मैत्रिणीचं उलट मत आहे. तिथे जुन्या शिक्षा विसरण्याचा १९७४ चा कायदा आहे, पण आरोग्यसेवेला त्यातून वगळलंय. त्या मुलाला पुढे परदेशी जायचं असेल तर हे प्रकरण प्रत्येक फॉर्मवर येणार हे त्याला आत्ताच सांगा.

आशाताई_ट्यूटर

हे आधी विचारायचं मला फार पटलं. आमच्याकडे ॲडमिशनच्या वेळी दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, जातीचा दाखला, मेडिकल फिटनेस सगळं तपासायचे. हे कुणी विचारलं नाही. पोराच्या आईने शेळ्या विकून फी भरली.

@निवृत्त_सर्जन, तुम्हाला राग आवरण्याचा पुरावा हवा ना? मग प्रशिक्षणाच्या काळातले वॉर्ड इन्चार्जचे शेरे मागवा, कौन्सिलसमोर त्याला उभा करा, पहिलं वर्ष देखरेखीखाली काढायला लावा. त्याला यातलं काही जड नाही.

निवृत्त_सर्जन

देखरेखीची अट असेल तर माझा विरोध निम्मा कमी. पण ती अट पाळली जाते का हे बघणार कोण? परळीकरांनी तेच सांगितलं.

वकील_कोल्हापूर

ताई, त्याला निकालपत्राची प्रमाणित प्रत काढायला सांगा आणि आदेशात परिवीक्षा कायद्याचं कोणतं कलम आहे ते बघा. ३ किंवा ४ लिहिलेलं असेल तर अर्जाला ती प्रत जोडायची आणि 'हो' लिहून खाली चार ओळींत खुलासा द्यायचा. बंधपत्राची मुदत संपली असेल तर त्याचाही कागद घ्या.

परळीकर

एक राहिलं. ज्याचं डोकं फुटलं त्याच्या घरचं कुणी याच दवाखान्यात भरती झालं तर? गावातलीच केस आहे ना ती.

आशाताई_ट्यूटर

तालुक्याला एकच ग्रामीण रुग्णालय आहे, होणारच. अशा वेळी त्याची ड्यूटी दुसऱ्या वॉर्डात लावता येते. त्यासाठी रजिस्ट्रेशन कशाला अडवायचं?

निवृत्त_सर्जन

ग्रामीण रुग्णालयात रात्री किती सिस्टर असतात, ताई? दुसरा वॉर्ड कुठला आणि ड्यूटी बदलणार कोणाशी?