पुणे ते दिब्रुगड विमानाने नक्की किती तास?

कोथरूडकर_मीनल: आई-बाबांना डिसेंबरात ताईकडे पासीघाटला (अरुणाचल) पाठवायचंय, दिब्रुगडला उतरून पुढे गाडीने. एका साइटवर पुणे ते दिब्रुगड २३७० किमी आणि साधारण तीन तास असं दिसतंय, पण तिकीट बघायला गेलं की सात, आठ, कुठे तर अकरा तास! नक्की काय धरायचं? बाबांचे गुडघे दुखतात, सो जास्त चालणं नकोय.

लोहगाव_लाईव्ह: दोन्ही बरोबर आहे. ते २३७० म्हणजे सरळ हवाई अंतर, आणि तीन तास म्हणजे कुठेही न थांबता ८०० च्या स्पीडने गेलं तर. वर चढणं-उतरणं, टॅक्सींग धरून अजून वीस-पंचवीस मिनिटं जातात, त्यात आपलं लोहगाव एअरफोर्सचं, सुखोई उडत असतील तर आपलं विमान बसलंय वाट बघत. कोलकात्यावरून गेलात तर १५८० अधिक ८५० म्हणजे २४३० च्या आसपास, फारसा वळसा नाही. दिल्लीवरून मात्र २९०० च्या वर जातं. हवेत चार तास म्हणा, बाकी सगळा वेळ मधल्या एअरपोर्टवर बसण्याचा. अकरा तासवालं तिकीट म्हणजे नुसतं बसून राहायचं, स्वस्त दिसलं तरी घेऊ नका.

पेठेतला_बाळ्या: रेल्वेने पाठवा, पोचेपर्यंत नातवंडांची लग्नं होतील 😄

ईशान्य_वारी: किमी सोडा, सूर्य बघा! दिब्रुगड पुण्याच्या २१ अंश पूर्वेला आहे, म्हणजे तिकडे सूर्य आपल्यापेक्षा जवळपास दीड तास आधी चालतो आणि घड्याळ मात्र तेच. डिसेंबरात पुण्यात सहाला मावळतो, तिकडे सव्वाचार-साडेचारलाच अंधार पडायला लागतो. तीनला उतरून बॅगा घेऊन निघालात की ब्रह्मपुत्रेवरच्या बोगीबील पुलावरच संध्याकाळ, आणि पुढे पासीघाट तीन-चार तास. म्हणून पहाटेचं विमान घ्या आणि दुपारी बाराच्या आत उतरेल असं कनेक्शन बघा. नाहीच मिळालं तर एक रात्र सरळ दिब्रुगडला काढा, वयस्कर माणसांना अंधारात तो रस्ता नको. आणि अरुणाचलचं इनर लाईन परमिट (तिकडे जायचा सरकारी परवाना) आधीच ऑनलाइन काढून ठेवा, आसामला लागत नाही पण पासीघाटला लागतं.

लोहगाव_लाईव्ह: +१. आणि डिसेंबरात दिल्लीचं धुकं, सकाळचं विमान लटकलं की पुढचं गेलंच समजा. दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगमध्ये घ्या, पहिल्याला उशीर झाला तर पुढची सोय कंपनीने करायची असते, वेगवेगळी तिकिटं काढलीत तर तुमचं तुम्ही बघा. व्हीलचेअर बुकिंग करतानाच टाका, नवीन टर्मिनलला चालणं बरंच आहे.

कोथरूडकर_मीनल: अंधाराचं डोक्यातच आलं नव्हतं, थँक्यू! मग कोलकातावालं बघते. येताना पण एवढाच वेळ लागतो ना?

लोहगाव_लाईव्ह: नाही, येताना थोडा जास्त. हिवाळ्यात वर पश्चिमेकडून जोराचा वारा असतो, जाताना पाठीवर मिळतो आणि येताना तोंडावर. त्यामुळे परतीला कोलकात्यात दोन तासांचा तरी गॅप ठेवा.