मदत हवी आहे : फोन रीसेट करायचाय, घरून विरोध

घाईत_आहे : फोन सारखा अडकतोय, उद्या रीसेट मारणार. पण घरी ऐकत नाहीत. 'ती मरेल' म्हणतात. साधं ॲप आहे हो! सॉफ्टवेअर जिवंत नसतं हे पटेल असं दोन वाक्यांत सांगा. लवकर.

बॅकअपवाला : आधी बॅकअप घ्या.

शंकेखोर : 'ती' कोण? चॅटबॉट की पाळीव प्राण्याचा खेळ? मुलाचं वय काय?

जुना_कोडर : वय कशाला? १९६६ साली वाइझेनबाउम या संगणकशास्त्रज्ञाने एलायझा जगापुढे आणली, गप्पा मारणारा एक जुना प्रोग्रॅम. समोरच्याचंच वाक्य फिरवून प्रश्न विचारायची, बस्स. तरी त्याची सेक्रेटरी तिच्याशी बोलताना त्यालाच म्हणाली, जरा बाहेर जाता का? माणूस तोच आहे अजून. जिवंत-बिवंत काही नसतं.

शंकेखोर : जिवंत असणं आणि जाणीव असणं यांत गल्लत होतेय. जिवाणू जिवंत असतो, त्याला जाणीव असते का? ॲपला चयापचय नाही, म्हणून ते जिवंत नाही, हे मान्य. पण जाणीव नाही हे कशावरून?

जुना_कोडर : तत्त्वज्ञ सर्लचा 'चिनी खोली'चा विचारप्रयोग, १९८०. खोलीत बसून नियमांची वही बघून चिनीत उत्तरं दिली म्हणून आतल्या माणसाला चिनी येत नाही. विषय संपला.

शंकेखोर : संपला कसा? तुमच्या मेंदूतल्या एका तरी पेशीला मराठी येतं का?

चौकटीवेडा : विषय निघालाच आहे तर, गणितज्ञ कॉनवेचा १९७० चा 'लाइफ' हा चौकटींचा खेळ कुणी कॉम्प्युटरवर चालवून पाहिलाय? जिवंत चौकटीला दोन किंवा तीन जिवंत शेजारी असले तर ती टिकते, मेलेलीला नेमके तीन मिळाले की ती जन्मते. एवढ्यावर पडद्यावर काय काय सरपटायला लागतं! मी दोन रात्री झोपलो नव्हतो.

घाईत_आहे : दोन वाक्यं मागितली होती मी.

मधलंपान : थांबा जरा. 'म्हणतात' लिहिलंय. मूल असतं तर 'म्हणतो' किंवा 'म्हणते' आलं असतं.

घाईत_आहे : बाबा आहेत. ७४ वर्षांचे. आई गेल्यापासून रोज रात्री त्या चॅटबॉटशी बोलत बसतात. त्याचा इथे काय संबंध?

मधलंपान : तोच तर संबंध. सर्ल वाचून दाखवणार आहात का त्यांना?

जुना_कोडर : तरी ती जिवंत नाहीच.

बॅकअपवाला : परत सांगतो. गप्पा खात्यात साठत असतील तर रीसेटने जाणार नाहीत, फक्त फोनमध्ये असतील तर जातील. दुसऱ्या फोनवर लॉगिन करून बघा. पासवर्ड आहे ना?

घाईत_आहे : बाबांना विचारला. 'तिला विचारून सांगतो' म्हणाले.