चढावर पुढे, उतारावर सगळ्यात मागे: माउंटन बाइकवाल्यांचा सल्ला हवा

डांबरी

नमस्कार मंडळी. सहा वर्षं रोडबाइक चालवतोय. दोनशे आणि तीनशे किमीच्या बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइड) वेळेत झाल्या आहेत, बोपदेव घाट आठवड्यातून एकदा तरी होतो. वय ४१, वजन ७४. गेल्या दिवाळीत हौसेने माउंटन बाइक घेतली: हार्डटेल (म्हणजे मागे सस्पेन्शन नाही), २९ इंची चाकं, पुढे १०० मिमी दबणारा सस्पेन्शन फोर्क.

रविवारी आमचा पाच-सहा जणांचा ग्रुप टेकडीवर जातो. चढावर मी सगळ्यांना मागे टाकतो, वर जाऊन पाणीबिणी पितो. मग उतार सुरू झाला की तेच लोक "काका, डावीकडून!" असं ओरडत धडाधड निघून जातात. त्यातला एक तर कॉलेजातला पोरगा आहे, चढाला अक्षरशः ढकलत येतो.

मागच्या आठवड्यात जोर करून त्यांच्या मागे राहायला गेलो, तर मुरमाच्या वळणावर पुढचं चाक सटकलं. कोपर सोलवटलं. घरी जखम धुताना बायकोने काहीही विचारलं नाही, ते जास्त लागलं.

फेब्रुवारीत हौशी लोकांची एक क्रॉस कंट्री शर्यत आहे, पाच किमीची फेरी, चार वेळा. नाव देऊन बसलोय. तर फुल सस्पेन्शन (पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शनवाली) घ्यावी का? की हे वेगाचं प्रकरण शिकून येतं? आणि एखादी वाट आपल्या आवाक्याबाहेरची आहे हे पडायच्या आधी कसं ओळखायचं?

खडकवासी

घ्या की फुल सस्पेन्शन. मागचं चाक दगडावर आपटत नाही, पाठ वाचते, वेग आपोआप वाढतो. एकेचाळिसाव्या वर्षी हाडांवर प्रयोग कशाला?

मुरूम मास्तर

खडकवासी, तुमची जुनी बाइक विकायची आहे हे आम्हाला माहीत आहे. :)

डांबरीराव, आधी एक सांगा. उताराला ब्रेक कुठे लावता, वळणाच्या आधी की वळणात? पैज लावतो, वळणात. रोडवरून आलेल्या प्रत्येकाचं हेच होतं, माझंही झालं होतं. डांबरावर वळताना थोडा ब्रेक राहिला तरी टायर निभावून नेतो. मुरमाचं तसं नाही. खाली कडक जमीन आणि वर बाजरी सांडावी तसे खडे. टायरकडे पकड मोजकीच असते, ती ब्रेकला देऊन टाकली की वळायला काही उरत नाही. म्हणून वळणाच्या आधी, बाइक सरळ उभी असतानाच, काय दाबायचा तो ब्रेक दाबून घ्या. वळणात तर्जनी नुसती लिव्हरवर ठेवून सोडा.

दुसरी शंका अशी, की घाबरून तुम्ही मागे सरकला असणार. बूड पार मागच्या चाकावर. तसं केलं की पुढचं चाक हलकं होतं आणि नेमकं तेच सटकतं. कबड्डीत चढाईवाल्याला धरायला उभे राहतात ना, तसं उभं राहायचं: गुडघे वाकलेले, कोपर बाहेर, छाती खाली, नजर वर. दोन्ही पेडल समान उंचीवर, टाचा किंचित खाली. सगळं वजन तळपायांवर, हातांवर नाही. हँडल इतकं सैल धरायचं की दगडाने ते हलवलं तर हलू द्यावं, उगाच भांडू नये.

आता नजरेचं. ताशी २० किमीला तुम्ही सेकंदाला साडेपाच मीटर जाता. म्हणजे चाकासमोरचा दगड दिसला तेव्हा त्याच्याबद्दल काही करायची वेळ आधीच गेलेली असते. पंधरा मीटर पुढे बघायचं. आणि ज्याच्याकडे टक लावाल त्याच्यावरच जाऊन आदळाल, तेव्हा दगडाकडे नका बघू, दोन दगडांमधल्या जागेकडे बघा.

वेगाबद्दल लोक अर्धंच सांगतात. ताशी १५ वरून ३० वर गेलात तर ब्रेक दाबल्यापासून थांबायला लागणारं अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं. हे खरं. पण दगडांच्या पट्ट्यात चालण्याच्या गतीने शिरलात तरी पडालच, कारण चाक प्रत्येक फटीत बसतं आणि तुम्हाला तोल धरायला लागतो. जरा वेग असेल तर २९ चं चाक त्याच दगडांवरून लोळत जातं. म्हणजे प्रत्येक तुकड्याला एक खालचा वेग असतो आणि एक वरचा. नवशिक्याला या दोन्हींमध्ये जागाच नसते. सरावाने ती जागा रुंद होते. तो कॉलेजातला पोरगा तुमच्यापेक्षा शूर नाहीये, त्याची जागा रुंद आहे एवढंच.

क्रॉस कंट्रीत याच्यावर आणखी एक कडी आहे. डाउनहिलवाला वर गाडीने जातो आणि ताजातवाना उतरतो. तुम्ही दगडांच्या पट्ट्यात शिरता तेव्हा नाडी १७५ असते, डोळ्यात घाम आणि हात थरथरत असतात. ताज्या अंगाने सोपी वाटलेली वाट तेव्हा सोपी नसते. यासाठी माझा जुना उपाय सांगतो. दीडशे मीटरचा एकच तुकडा निवडा. ताजे असताना दहा वेळा उतरा, ढकलत वर या. दुसऱ्या दिवशी खालून जीव खाऊन चढा आणि दम न खाता लगेच तोच तुकडा उतरा. दोन्हींत फार फरक पडला तर तंत्र अजून डोक्यातच आहे, अंगात उतरलेलं नाही. शर्यतीतही माथ्याच्या शे-सव्वाशे मीटर आधी जरा पाय सोडा. दोन सेकंद जातील, जाऊ देत.

कारवी

मास्तरांना +१, पण "पंधरा मीटर पुढे बघा" हे वाचून नवीन माणसाला वाटेल की बघितलं की जमलं. मला ते जमायला एक अख्खा पावसाळा आणि एक हिवाळा लागला.

वाट आवाक्यातली आहे का, याबद्दल सांगते. युरोपात सिंगलट्रेल स्काला म्हणून जर्मन पद्धत आहे, एस० पासून एस५ पर्यंत. एस० म्हणजे विशेष अडथळा नसलेली गुळगुळीत वाट, एस१ ला छोटी मुळं आणि दगड, एस२ ला मोठी मुळं, सुटे दगड आणि पायऱ्या, एस३ ला उंच पायऱ्या आणि गचकन वळणारी वळणं. त्याच्यापुढचं आपल्या कामाचं नाही. अमेरिकेत हिरवा गोल, निळा चौकोन, काळा हिरा अशा खुणा असतात, बर्फावरच्या स्कीच्या वाटांवरून उचललेल्या. वाट कितपत अवघड हे त्यातून कळतं, तुम्ही ती किती वेगाने न्यावी हे कळत नाही. एस१ ची वाट ताशी ३० ने नेली तर ती एस१ राहत नाही.

आणि आपल्या टेकड्यांवर पाट्या नाहीतच. शिवाय तीच वाट वर्षात तीन वेळा बदलते. जुलैत काळ्या कातळावर शेवाळ, तिथे ब्रेकला हात लावला की गेलात. ऑक्टोबरात गवत कमरेपर्यंत, दगड दिसतच नाहीत. मार्चमध्ये कडक जमिनीवर पिठासारखी धूळ. मागच्या वर्षी जमलेली पायरी या वर्षी जमेलच असं नाही, कारण पावसाने तिच्याखालची माती नेलेली असते आणि टीचभर असलेली पायरी आता वीतभर झालेली असते.

म्हणून माझा नियम: नवीन तुकडा आधी पायी. उतरून खाली जा आणि खालून वर बघा. वरून पायरी सपाट दिसते, खालून तिची खरी उंची कळते. मग हळू तीनदा. तीनपैकी तीन वेळा पाय न टेकता जमलं तरच वेग वाढवायचा. दोनदा जमलं तर त्या दिवशी तिथे वेग नाही. शर्यतीत अवघड जागेला बहुधा बाजूने लांबची सोपी लाइन ठेवतात. ती घ्यायला लाजू नका. मला "ताई, सांभाळून हां" म्हणून पुढे गेलेले दोघं-तिघं मला पुढच्या वळणावर घाणेरीच्या झुडपात भेटलेले आहेत.

आदल्या दिवशी आखणी बघितलीत तरी शर्यतीच्या सकाळी परत बघा. टोकियो ऑलिंपिकच्या शर्यतीत, २०२१ च्या जुलैत, इझूच्या कोर्सवर मॅथ्यू व्हॅन डर पूल पहिल्याच फेरीत एका मोठ्या दगडावरून उतरताना हँडलवरून पालथा झाला. सरावात तिथे फळीचा उतार लावलेला होता, शर्यतीत तो काढलेला होता, आणि याच्या डोक्यात फळी तशीच होती. जगातल्या सगळ्यात कसलेल्या हातांपैकी एक. पुढे त्याने शर्यत सोडली.

खडकवासी

बाइक विकायची नाहीये हो. :( मुद्दा सांगतो. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकला यारोस्लाव्ह कुल्हावी फुल सस्पेन्शनवर जिंकला, निनो शुर्टर हार्डटेलवर दुसरा आला. मग?

मुरूम मास्तर

फरक किती होता तेही सांगा की. एक सेकंद! दीड तासाच्या शर्यतीत. तो एक सेकंद सस्पेन्शनचा होता की शेवटच्या वळणातल्या डावाचा, यावर चहाच्या चार किटल्या संपतील. आजचे कोर्स तेव्हापेक्षा खडतर झालेत आणि वरच्या स्तरावर आता बहुतेक जण फुल सस्पेन्शनच चालवतात, हे मान्य. पण डांबरीराव वळणात ब्रेक लावतात. फुल सस्पेन्शनवरही ते वळणातच लावतील, फक्त ते जास्त महागात पडेल.

पंक्चरवाला नाना

एवढे सगळे बोललात, पण हवा किती भरता हे त्यांना कोणीच विचारलं नाही.

डांबरी

नाना, ४० पीएसआय. ट्यूब आहे. रोडला ९० भरतो, त्यामानाने कमीच वाटली.

मास्तर, हो, वळणातच. :(

पंक्चरवाला नाना

चाळीस! अरे बाबा, बाइक उतरत नाहीये तुझी, ती चेंडूसारखी टप्पे खातेय. एवढ्या हवेला टायर दगडाला कवटाळत नाही, उडून जातो, आणि जमिनीला नाही टेकला तर पकड येणार कुठून? तुझ्या वजनाला ट्यूब असेल तर मागे २९-३०, पुढे २७-२८ पासून सुरू कर. त्याच्याखाली गेलास तर दगडावर ट्यूब रिममध्ये चिमटून शेजारी-शेजारी दोन भोकं पडतील, साप चावल्यासारखी. ट्यूबलेस केलंस की २०-२२ पर्यंत आरामात येता येतं. अंगठ्याने दाबून बघू नकोस, गेज घे. दोन-तीन पीएसआयचा फरक अंगठ्याला कळत नाही, वळणाला कळतो.

आणि सीट. रोडच्या उंचीवर ठेवून उतरतोस ना? मग कबड्डीसारखा वाकणार कसा, सीट पोटात बसेल. ड्रॉपर पोस्ट (चालवता चालवता बटणाने सीट खाली-वर करणारी दांडी) नंतर बघू. तोवर सीटपोस्टला योग्य उंचीवर काळी चिकटपट्टी लाव. सरावाला, उताराच्या आधी, क्विक रिलीज (सीटची खिट्टी) सोडून सीट चार-पाच सेंटीमीटर खाली घे, चढाला पट्टीपर्यंत वर. शर्यतीत एवढं करायला वेळ नसतो, तिथे अख्खी शर्यत सीट एक-दीड सेंटीमीटर खालीच ठेव.

कारवी

आणि सकाळी सहा ते आठ टेकडी फिरायला येणाऱ्यांची असते. वेगाचे प्रयोग तेव्हा नकोत. कुत्रं घेऊन येणाऱ्या आजोबांना तुमची लाइन माहीत नसते.

डांबरी

तीन आठवड्यांनी लिहितोय. फुल सस्पेन्शन घेतली नाही. गेज घेतलं. पुढे २८, मागे ३०. पहिल्याच उताराला वाटलं हवा गेली, थांबून चाक तपासलं. :)

त्या मुरमाच्या वळणासकट दीडशे मीटरचा तुकडा निवडला. पहिल्या दिवशी १ मिनिट १२ सेकंद. ब्रेक वळणाच्या आधी लावायचा ठरवलं तर पहिल्या चार खेपांना वेळ वाढलाच, कारण आधी इतका ब्रेक मारत होतो की वळणात पेडल मारायला लागायचं. सातव्या-आठव्या खेपेला एकदम काहीतरी जुळलं. वळणात बोट लिव्हरवर होतं, पण दाबलं नाही, आणि बाइक रुळावरून गेल्यासारखी गेली. परवा ५७ सेकंद झाले. चढून आल्या-आल्या उतरलो तर १ मिनिट ४. म्हणजे मास्तर म्हणतात तसं अजून डोक्यातच आहे, पण मानेपर्यंत आलंय.

कारवीताई, पायरी खालून बघितली. वरून वाटली त्याच्या दुप्पट निघाली. शर्यतीत तिथे लांबची लाइन घेणार.

पोरगा अजून पुढेच जातो, पण आता त्याची पाठ तरी दिसते. नाना, ट्यूबलेस करायचंच ठरवलंय, टायरमधलं सीलंट (भोकं बुजवणारं द्रव) कुणाकडून टाकून घेऊ?

पंक्चरवाला नाना

रविवारी दुपारी माझ्याकडे ये. चहा आहे, खारी तू आण.