आपल्या साहित्याने चिंचेला न्याय दिला आहे का?

आटपाडीकर
मराठी कवितेत फळझाड आले की ते बहुधा आंब्याचे असते. आमच्याच आटपाडी तालुक्यातल्या शेटफळे गावी जन्मलेल्या गदिमांनीही मोराला नाचवले ते आंब्याच्या वनात. आटपाडी, जत, माण, खटाव या कमी पावसाच्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या सावली आणि चार पैसे देणाऱ्या चिंचेच्या वाट्याला मात्र शाळकरी पोरांचे दगड, डोहाळे आणि हडळ एवढेच आले, हा मला अन्याय वाटतो. तासगाव तालुक्यात चिंचणी आहे, साताऱ्याजवळ चिंचणेर आहे. गाव वसवणाऱ्यांना हे झाड दिसले, लिहिणाऱ्यांना दिसले नाही.

वाईकर
अन्याय हा शब्द मला मान्य नाही. आंबा हापूसच्या पेटीतून साहित्यात आलेला नाही. हालाच्या गाथासप्तशतीत, म्हणजे महाराष्ट्री प्राकृतातल्या त्या जुन्या गाथासंग्रहात, आंब्याचा मोहोर आणि विरह यांची सांगड कधीच घातली गेली आहे आणि संस्कृत काव्याने तर आम्रमंजरीला मदनाच्या पाच बाणांत बसवले आहे. आमच्या भागातही रायवळ आंब्याच्या झाडाझाडाला गोटी, शेपू, खोबऱ्या अशी वेगळी नावे असत. मोहोर दुरून वासानेच कळतो. चिंचेचे फूल इतके बारीक की खाली सडा पडेपर्यंत कोणी मान वर करून पाहत नाही. कवीने जे जाणवले ते लिहिले, यात पक्षपात कुठे आला? शिवाय पाडाला आलेल्या चिंचा लावणीने गायल्या आहेतच.

आटपाडीकर
लावणीत चिंच येते ती सूचक अर्थाने. झाड म्हणून तिच्याकडे कोण पाहतो? फूल बारीक आहे हे खरे, पण साहित्य काय फुलांवरच उभे राहते? कोवळा पाला तो चिगूर, त्याची भाजी होते. हिरवा गर टरफलापासून सुटू लागला, किंचित तांबूस झाला आणि आंबटपणात गोडी उतरली की चिंच गाभुळली म्हणतात. सनगरांच्या मागावर घोंगडे विणण्याआधी चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून केलेली खळ ताण्याच्या लोकरी सुतावर फिरवतात, म्हणजे सूत ताठ राहते आणि विणताना तुटत नाही. मेंढरांमागे हिंडणाऱ्या माणसाच्या खांद्यावरच्या घोंगड्यात चिंच अशी मुरलेली असते. एवढे सगळे समोर असताना ते कथा-कादंबरीत फारसे उतरत नसेल, तर तो दोष झाडाचा नाही.

जतची वाचक
आपण दोघेही छापील साहित्यालाच साहित्य धरून चालला आहात. आटपाडीकरांनी डोहाळे ‘एवढेच’ म्हणून बाजूला सारले, ते मला खटकले. डोहाळ्यांची गाणी बायकांनी रचली, बायकांनीच तोंडी जपली, आणि गर्भारणीच्या मनातली जी इच्छा चारचौघांत सांगण्याची सोय नव्हती, ती त्यांत चिंचेच्या नावाने सांगता आली. हे आम्रमंजरीपेक्षा कमी कसे? हडळीचेही तसेच आहे. तिन्हीसांजेला चिंचेखाली जाऊ नये, हे सांगताना आजीने रचलेली गोष्ट ही कथाच असते.

वाईकर
तोंडी परंपरेचा मुद्दा मला पटला. मग तर अन्यायाची तक्रार उरतच नाही.

आटपाडीकर
उरते. डोहाळ्यांची गाणी किती पाठ्यपुस्तकांत आहेत, ते पाहा. जतच्या ताईंचे म्हणणे मान्य करूनच सांगतो, की ती गाणी आणि ती खळ लावणारे हात दोन्ही आज उतारवयात आहेत आणि ज्यांना लिहिता येते त्यांनी आताच तिकडे गेले पाहिजे.