कोडमधलं 'का' लिहायचं कुठे?

रात्रपाळी
पेमेंटच्या कोडमध्ये एक ओळ दिसली: बँकेकडून उत्तर आलं नाही, तर पुन्हा पाठवण्याआधी ४७ सेकंद थांबा. ४५ नाही, ५० नाही, ४७. गिट ब्लेम केलं (ओळ कुणी, कुठल्या बदलात लिहिली हे बघितलं), तर त्या बदलासोबतची नोंद, म्हणजे कमिट मेसेज, एवढाच: 'फिक्स'. लिहिणारा कधीच नोकरी सोडून गेलेला. मी ओळ काढली, टेस्ट सगळ्या हिरव्या. महिनाअखेरीला ग्राहकांचे पैसे दोनदा कापले गेले.

माझं म्हणणं: कारण कमिटमध्येच लिहा. विकी (टीमने माहिती लिहून ठेवायची साइट) आम्ही गेल्या वर्षी बंद केला, कुणी वाचत नव्हतं. लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) एका ओळीच्या बदलालाही बऱ्याचदा दोन-तीन परिच्छेद असतात. चूक दुरुस्त करणारा पॅच (कोडमधला बदल) असेल तर 'फिक्सेस' म्हणून ज्या कमिटने ती आणली त्याच्या आयडीची पहिली १२ अक्षरं देतात, म्हणजे तो कुठल्या जुन्या आवृत्त्यांत न्यायचा हे कळतं.

जुनं_खोड
कर्नलचं सांगू नका. तिथे मेसेज धड नसेल तर मेंटेनर (त्या भागाची जबाबदारी असलेला) पॅच परत पाठवतो. आपल्याकडे शुक्रवारी सहा वाजता रिव्ह्यू म्हणजे 'एलजीटीएम' ('मला ठीक वाटतंय') आणि घरी. डेन्मार्कचे संगणकतज्ज्ञ पीटर नाउर यांनी १९८५ मध्येच मांडलंय की प्रोग्रॅम म्हणजे कोड नव्हे, तो लिहिणाऱ्यांच्या डोक्यातली समज; कागदावरून ती पुरती मिळत नाही. माणसं टिकवा, निदान जाणाऱ्याकडून केटी (कामाची माहिती सोपवणं) तरी नीट घ्या.

रात्रपाळी
केटी! नोटीस पिरियडचा शेवटचा आठवडा, सगळ्यांचे कॅमेरे बंद, दोन तासांचं रेकॉर्डिंग. ते नंतर उघडून बघितलेला एक माणूस दाखवा. आणि समज पुरती जात नाही म्हणून एक ओळही लिहायची नाही?

डबा_आणला_का
आम्ही लिहायचो हो कमिटमध्ये. मर्जच्या वेळी (मुख्य कोडमध्ये मिसळताना) स्क्वॉश करून, म्हणजे सगळे कमिट एकात दाबून, सगळं एका ओळीत. मग एका उत्साही मुलाने अख्खा रेपो (कोडचा साठा) मांडणी नीट करणाऱ्या फॉरमॅटरमधून काढला, ब्लेममध्ये जिथे तिथे त्याचंच नाव. (असे कमिट ब्लेममधून वगळायची सोय गिटमध्ये २०१९ पासून आहे, वापरतो कोण!) कामाच्या नोंदीचा टिकीट नंबर टाकावा तर टिकिटांची सिस्टिमच बदलली. आता सरळ त्या ओळीच्या डोक्यावर कॉमेंट. काढणाऱ्याला निदान ती दिसते तरी.

प्रॉम्प्टवाली
एडिटरमधल्या एआयला विचारा की, तो जुने पीआर (रिव्ह्यूला टाकलेले बदल) वाचतो.

जुनं_खोड
'फिक्स' वाचून काय सांगणार? ४७ चं झकास कारण रचून देईल.

प्रॉम्प्टवाली
मला उलटं म्हणायचंय. कमिटमध्ये तीन शब्द लिहायचा कंटाळा करणारा माणूस एआयला दहा ओळींत समजावतो: बँक उशिरा उत्तर देते, म्हणून असं कर, तसं करू नकोस. 'का' आता तिथे टाइप होतंय. चॅट बंद केला की गेलं. ते कमिटला जोडून ठेवा.

रात्रपाळी
अर्धं पटलं. माझ्या चॅटमध्ये शिव्या जास्त आहेत, चाळावं लागेल. आणि पासवर्डही पेस्ट करतात लोक.

डबा_आणला_का
ते राहू द्या. ४७ का, कळलं का शेवटी?

रात्रपाळी
ओळ लिहिणाऱ्यालाच फोन लावला. बँकेची मर्यादा ४५ सेकंदांची, वर दोन सेकंद सवड. त्याआधी परत पाठवलं की दोन्ही व्यवहार होतात.

जुनं_खोड
म्हणजे डोक्यातूनच निघालं ना!

रात्रपाळी
हो. वर म्हणाला, "विकीवर लिहिलं होतं की रे मी."