नातेवाईकांकडे जायला मोटरहोम की आपली कार?

प्रश्न: दोन आठवड्यांची सुट्टी आहे, आई-बाबा, ताई आणि मावशी तिघंही वेगवेगळ्या गावात, एकूण १८०० किमी तरी होईल, सोबत दोन लहान मुलं. नवरा म्हणतोय मोटरहोम (आतच झोपायची, टॉयलेटची सोय असलेली मोठी गाडी) भाड्याने घेऊ, कुणाच्या घरी गर्दी नको. मला कारच बरी वाटतेय. कुणाला अनुभव आहे का?

उत्तर १: आम्ही मोटरहोमने गेलो होतो. मुलं खूश, टॉयलेट सोबतच आणि रात्री आपल्याच बिछान्यात झोपतात त्यामुळे चिडचिड नाही. पण डिझेल कारच्या दुप्पट तरी लागलं, आणि ताईच्या गल्लीत गाडी वळेचना, शेवटी लांब लावून चालत गेलो. आधी सगळ्यांना विचार, दारात जागा आहे का, वर झाडाच्या फांद्या किंवा वायरी खाली आल्यात का. उंची ३ मीटरच्या आसपास असते गं, हे पटकन लक्षात येत नाही.

उत्तर २: भेटायलाच जाताय ना, मग कार. आईकडे जाऊन बाहेर गाडीत झोपलात तर तिला वाईट वाटेल, खरं सांगते.

प्रश्नकर्ती: हो, आईचं पटलं. मावशीकडे मात्र खरंच जागा नाही, तिथे दोन रात्री जवळ रूम घेऊ. कारच नेतो.