देशांचं आरोग्य कशावर ठरतं? लेकीच्या प्रकल्पासाठी कुठले देश सुचवाल?

मधुमालती:
लेक एसवायबीएला आहे, विषय अर्थशास्त्र. तीन देश घेऊन तिथल्या लोकांचं आरोग्य कशामुळे चांगलं-वाईट आहे ते मांडायचंय. आमच्या बाईसाहेबांनी दरडोई उत्पन्न आणि इस्पितळातल्या खाटा यांचा तक्ता करून दिला. सरांनी त्यावर ‘मग अमेरिका पहिली का नाही?’ एवढंच लिहून परत पाठवला. सोमवारी द्यायचाय. तिचे बाबा ‘गुगल कर’ म्हणून मोकळे झालेत.

अर्धाकप:
सर हुशार आहेत. अमेरिका देशाच्या उत्पन्नातला सहावा हिस्सा आरोग्यावर घालते, जपान साधारण नववा. तरी जपानी माणूस सरासरी पाच-सहा वर्षं जास्त जगतो. लोकसंख्याशास्त्रज्ञ सॅम्युअल प्रेस्टन यांचा १९७५चा, देशांचं उत्पन्न आणि आयुर्मान यांचा आलेख तिला बघू दे. गरिबीत थोडे पैसे वाढले तरी आयुर्मान भराभर चढतं, श्रीमंतीत ते जवळजवळ सपाट होतं. आणि खरी गंमत म्हणजे दर काही दशकांनी अख्खी रेषाच वर सरकते. तेवढ्याच पैशात लोक जास्त जगायला लागतात. का, ते शोधायला सांगा.

झोळीवाला:
मग बांगलादेश घ्याच. दरडोई उत्पन्न बरीच वर्षं आपल्याहून कमी, पण गेली वीसेक वर्षं तरी आयुर्मानात ते आपल्या पुढे आहेत. १९८० पासून ब्रॅक या तिथल्या स्वयंसेवी संस्थेच्या बायका घरोघर जाऊन आयांना जुलाबावरचं पाणी शिकवायच्या: अर्धा शेर पाणी, मूठभर गूळ, तीन बोटांची चिमूट मीठ. दहा वर्षांत एक कोटीहून जास्त घरं झाली. मला सगळ्यात आवडतं ते पुढचं. काही दिवसांनी दुसरा माणूस जाऊन त्या आईला विचारायचा, आणि तिला जितकं आठवेल त्यावर शिकवणारीचा पगार ठरायचा! आपल्याकडच्या प्रशिक्षणांना हा नियम लावला तर... असो. जोडीला मुलींच्या शाळा, लसीकरण, कुटुंबनियोजन होतंच. सगळं श्रेय गुळाला देऊ नका.

खडूस_आजोबा:
दुसरी बाजूही लिहा. जुलाब टाळायला तिथे गावोगाव कूपनलिका खणल्या, आणि १९९०च्या दशकात कळलं की त्यातल्या कित्येकींच्या पाण्यात आर्सेनिक आहे. शिवाय नुसतं आयुर्मान नको, पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यूही घ्या. जागतिक बँकेच्या साइटवर आकडे फुकट मिळतात.

नागोयाकर:
जपानमधून. इथला नागानो प्रांत घ्या. डोंगराळ, थंडी कडाक्याची, म्हणून खारवलेल्या भाज्यांवर हिवाळा काढायचा. १९६०च्या दशकात तिथे पक्षाघाताने खूप माणसं जात. मग गावातल्याच स्वयंसेवक बायका घरोघर जाऊन मिसो सूपमधलं मीठ मोजू लागल्या. आज ते जपानमधल्या सर्वांत दीर्घायुषी भागांपैकी एक आहे. (आमच्या शेजारच्या आजी अजून सूपवर सोया सॉस ओततात, त्या नागानोच्या नाहीत.)

मधुमालती:
सर्वांचे आभार! अमेरिका, जपान, बांगलादेश ठरलं. काल रात्री तिने माझी, सासूबाईंची आणि स्वतःची अशा मिठाच्या तीन चिमटी वजनकाट्यावर टाकून पाहिल्या. काटा ढिम्म हलला नाही. आता कोपऱ्यावरच्या सोनाराकडे जायचं म्हणतेय.